पहिला डबा कुणाचा?

तेवीस डिसेंबरची रात्र. परातीत भिजवून ठेवलेला मैदा, शेजारी ताटात सारण – भाजलेलं खोबरं, खसखस, रवा, पिठीसाखर, वेलची – आणि कातणं घेऊन बसलेल्या आम्ही दोघी बहिणी. करंज्यांचा पहिला घाणा कढईतून निथळून वर आला की आई विचारायची, "पहिला डबा कुणाचा गं?"

तिला उत्तर माहीत असायचं. ते आमच्या तोंडून यावं म्हणून ती विचारायची. वर्षभरात ज्या घरातलं माणूस गेलं, पहिला डबा त्या घरचा. दुखवट्याच्या घरी त्या वर्षी तळण होत नाही. मग आपल्या पोरांनी तोंड गोड करायच्या आधी त्या घरी गोड पोचलं पाहिजे, हा आईचा दंडक. आमच्या गल्लीतल्या हिंदू शेजारणी दिवाळीला हेच करायच्या. आईनं ते त्यांच्याकडून घेतलं की आजीकडून तिच्याकडे आलं, कुणास ठाऊक. नगर जिल्ह्यातल्या आम्हा ख्रिस्ती घरांत नाताळाचा फराळ दिवाळीसारखाच असतो, करंज्या, शंकरपाळे, चकल्या, रव्याचे लाडू, आणि रीतीही तशाच. दिवाळीत आमच्याकडे आलेला डबा रिकामा परत जायचा नाही. काही नाही तर चिमूटभर साखर घालून जायचा. आणि नाताळात आमच्या करंज्या त्याच घरी जायच्या.

तो पहिला डबा मात्र आई कुणाच्या हाती पाठवायची नाही. स्वतः जायची, तासभर बसायची. एकदा मी सोबत गेले होते. त्या मावशींचे यजमान पावसाळ्यात गेले होते. मावशी डबा मांडीवर घेऊन नुसत्या बसून राहिल्या. आईही बसून राहिली, काही बोलली नाही. बऱ्याच वेळानं मावशींनी डबा उघडला, एक करंजी मोडली आणि अर्धी आईच्या हातावर ठेवली. दोघींनी खाल्ली. मावशी म्हणाल्या, "सारण यंदा छान जमलंय गं." बस्स, इतकंच. मी नऊ-दहा वर्षांची असेन. ती मोडलेली करंजी मला अजून डोळ्यांसमोर दिसते.

आज हे सगळं लिहावंसं वाटलं ते मोबाईलवर यायला लागलेल्या निरोपांमुळे. ब्लँकेट वाटप, फराळ वाटप, वस्त्रवाटप. सोबत बॅनरचा नमुना आणि कुणाचा फोटो कुठे यावा याची चर्चा. देणाऱ्यांच्या मनात खोट असते असं मी अजिबात म्हणत नाही. त्यांतले कितीतरी जण माझ्या ओळखीचे आहेत, पदरमोड करणारे भले लोक आहेत. पण दोन वर्षांपूर्वी अशाच एका वाटपाला मी मदतीला गेले होते. रांगेत एक म्हातारी आजी होती. तिची पाळी आली, ब्लँकेट तिच्या हातात दिलं, आणि फोटो काढणारा म्हणाला, "आजी, इकडं बघा." आजीनं पदर तोंडावर ओढला. तो पुन्हा म्हणाला. ती खालीच बघत राहिली. तेव्हा शेजारच्या पोरानं तिच्या हनुवटीला बोट लावून तिचं तोंड वर केलं.

फोटो निघाला. आजी ब्लँकेट घेऊन गेली. मी हातात गठ्ठा धरून तिथंच उभी होते आणि एका शब्दानंही बोलले नाही. त्याची लाज मला अजून वाटते. त्या पोराला मी दोष देत नाही. त्यानं आमचंच बघून शिकलंय.

तेव्हापासून 'वाटप' या शब्दावर माझं मन अडकलंय. वाटप करणारा एका बाजूला उभा असतो, घेणारा दुसऱ्या बाजूला, मध्ये टेबल. वाटप करणाऱ्याचा स्वतःचा त्यात वाटा नसतो. त्याचं जेवण घरी वेगळं असतं. 'वाटून खाणं' म्हणजे अगदी वेगळी गोष्ट. तिथं सगळे एकाच पंगतीत, प्रत्येकाचा वाटा त्याच्या हक्काचा, आणि भांड्यात जे आहे तेच सगळ्यांना. नाताळाचा सण या दुसऱ्या जातीचा आहे असं मला मनापासून वाटतं. देवानं वरून मदत पाठवली नाही, तो स्वतः आपल्या पंगतीत येऊन बसला. ख्रिस्तजन्माचा माझ्यापुरता अर्थ एवढाच आहे, आणि तो मला पुरून उरतो.

लूकच्या शुभवर्तमानातली ती गोष्ट आपण इतक्या वेळा ऐकतो की तिच्यातले शब्द कानावरून निघून जातात. रोमच्या औगुस्त कैसरानं नावनिशी लिहिण्याचा हुकूम काढला, म्हणून दिवस भरलेली बाई नासरेथहून बेथलेहेमपर्यंत आली. उतारशाळेत जागा नव्हती. बाळाला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं. आता 'गव्हाण' शहरातल्या मुलांना नाटकातल्या पुठ्ठ्याच्या पेटीवरून माहीत असते, पण माझ्या आजोळी गोठा होता. गव्हाणीच्या कडा जनावरांच्या मानांनी घासून घासून गुळगुळीत झालेल्या असतात. आत कडब्याची कुट्टी, तळाशी ओलसर भुसा, बैलाच्या श्वासाची ऊब. ती खाण्याची जागा असते, जनावराचं ताट म्हणा ना. आणि हिब्रू भाषेत बेथलेहेम या नावाचा अर्थच मुळी भाकरीचं घर. भाकरीच्या घरात, ताटात ठेवलेलं बाळ. आमच्या जुन्या पाळकसाहेबांनी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी कॉलेजात होते. त्या दिवशी प्रभुभोजनाची भाकर हातात घेताना माझा हात थरथरला होता.

असिसीच्या संत फ्रान्सिसनं १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी खरा चारा, खरा बैल आणि गाढव आणून पहिला जिवंत गोठा उभा केला. गरिबांना श्रीमंतांनी या दिवशी पोटभर जेवू घालावं आणि बैलांना, गाढवांना रोजच्यापेक्षा जास्त चारा मिळावा असं त्याला वाटे. पोळ्याला बैलाला पुरणपोळी भरवणाऱ्या आपल्या माणसांना हे समजावून सांगायला लागत नाही.

आता १९७२ बद्दल. तेव्हा मी आठ वर्षांची होते. नगर जिल्ह्यातल्या ज्यांनी तो दुष्काळ पाहिलाय त्यांना जास्त सांगायला नको. विहिरी आटलेल्या, दुष्काळी कामावर बाया-माणसं खडी फोडतायत, पोरांना सुकडी मिळतेय आणि घरोघर परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी. वडील प्राथमिक शिक्षक, त्यामुळे आमचं निदान पगारावर भागत होतं. त्या वर्षी आमच्या चर्चच्या मंडळीत बोलणं झालं की यंदा प्रीतिभोजन नको. दरवर्षी देवळाच्या आवारात उपासनेनंतर सगळे एका पंगतीला बसतात ते प्रीतिभोजन. लोकांच्या घरात दाणा नाही, कुणाकडे काय मागायचं? तेव्हा एक म्हातारे बाबा उठले आणि म्हणाले, "ज्याच्याकडं जे असंल ते मूठभर आणा. ज्याच्याकडं काहीच नसंल त्यानं जळण आणावं."

मला ते मोठं पातेलं आठवतं. कुणी मूठभर तूरडाळ टाकली, कुणी हुलगे, कुणी चार मिरच्या, एका बाईनं पदराच्या गाठीतून मिठाचा खडा सोडला. कुणाची मूठ केवढी होती ते कुणी पाहिलं नाही, कारण सगळं एकाच भांड्यात पडत होतं. मिलोच्या भाकरी आणि ती पातळ आमटी. आवाराबाहेर उभी असलेली गावातली पोरंही आत येऊन बसली, कोणत्या जातीची, कोणत्या धर्माची, हे कुणाच्या मनातही आलं नाही. मग पेटी आणि ढोलकी निघाली, रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं सुरू झाली, आणि खडी फोडून हाताला फोड आलेली माणसं टाळ्या वाजवत होती. वडील एरवी गंभीर. त्या रात्री ते मला खांद्यावर घेऊन नाचले.

आनंद म्हणतात तो हा. म्हणून सेवाभाव म्हटला की लांब चेहरा करून बसायची गरज मला वाटत नाही. मेंढपाळांना देवदूतानं जे सांगितलं त्यात पहिला शब्द भिऊ नका, आणि नंतर लगेच मोठा आनंद, तोही सर्व लोकांना होणारा. मला नवी साडी आवडते, अंगणात चांदणी लावायला आवडते, केकमधले मनुके वेचून खायला आवडतात. हे सगळं असू द्या. फक्त तो आनंद दारातून बाहेर पडला पाहिजे.

आणि ही एका पंगतीची गोष्ट आपल्याकडे फुकट मिळालेली नाही, हेही विसरू नये. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरला आलं. पुढे मंडळ्यांत आलेली बहुतेक माणसं गावकुसाबाहेरची होती. त्यांच्या शेजारी बसून जेवणं ही त्या काळी केवढी मोठी गोष्ट! नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना सोवळं-ओवळं सोडायला पुढची काही वर्षं लागली. त्यांनी ती ओढाताण जशीच्या तशी सांगून ठेवली म्हणून मला त्या फार जवळच्या वाटतात. शेजारी बसणं देण्यापेक्षा अवघड असतं.

पंडिता रमाबाईंचंही तसंच. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, अनाथ मुलींना, विधवांना घेऊन आल्या. केडगावला त्यांच्या मुक्ती सदनात शेकडो जणींना छप्पर मिळालं. रमाबाईंचे स्वतःचे आईवडील दुष्काळात उपासमारीनं गेले होते. भूक म्हणजे काय हे त्यांना आतून माहीत होतं. उतारशाळेत जागा नाही हे वाक्य त्यांनी कसं वाचलं असेल, याचा मी दर नाताळात विचार करते.

पण मला खरा धडा मिळाला तो सहा वर्षांपूर्वी, एका धनगर बाईकडून.

आमचा कॅरलचा, म्हणजे नाताळची गाणी म्हणणारा, गट दरवर्षी घरोघर फिरतो. त्या वर्षी गावाबाहेर कांद्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या रानात मेंढरं बसवली होती, धनगरांचा वाडा, म्हणजे त्यांचा फिरता तळ, उतरला होता. तरुण पोरं म्हणाली, मेंढपाळांनाच गाणं ऐकवू या. रात्रीचे दहा वाजलेले, थंडी अशी की बोटं वाकत नव्हती. जाळीच्या कुंपणात मेंढरं दाटीवाटीनं बसलेली, कुत्री भुंकायला लागली, एका आजींनी त्यांना गप्प केलं आणि आम्हाला घोंगडीवर बसवलं. आमच्या पिशवीत केकचे पुडे होते. ते काढायच्या आधीच त्यांनी तीन दगडांच्या चुलीवर चहा ठेवला, शेळीच्या दुधाचा. आम्ही बारा जण, कप चार. एकानं प्यायचा, विसळून दुसऱ्याला द्यायचा. तो चहा संपेपर्यंत पिशवी उघडायचं कुणालाच सुचलं नाही.

मग आम्ही गाणं म्हटलं. आजी नीट ऐकत होत्या. संपल्यावर त्यांनी विचारलं, "बाई, ती उघड्यावर बाळंत झाली म्हंता. मंग तिला शेक कुणी दिला?"

मी वीस वर्षं रविवारच्या शाळेत मुलांना शिकवलंय. तारा, मागी, सोनं, ऊद, गंधरस, सगळं शिकवलंय. बाळंतिणीला शेक कुणी दिला, अंग कुणी शेकलं, गरम पाणी कुणी तापवलं, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी म्हटलं, शास्त्रात काही लिहिलेलं नाही.

आजी म्हणाल्या, "माझी दोन लेकरं आशीच रानात झाली. जाळ लागतो, न् बाईमाणूस लागतं." मग थोडं थांबून, चुलीत काटकी सारत, "मेंढरंवाले आले व्हते म्हंता ना? मंग त्यांच्या बाया बी आल्या आसतील की."

त्यानंतर गव्हाणीचा देखावा मांडताना मी मेंढपाळांच्या मागे दोन बायकांच्या मूर्ती ठेवते. एकीच्या हातात पाण्याचं भांडं आहे.

यंदा आमच्या गल्लीत कुणी गेलेलं नाही, देवाची कृपा. पण वाडा पुन्हा त्याच रानात उतरलाय, आणि परवा दूध आणायला गेले तेव्हा कळलं की आजींची नातसून बाळंतीण आहे, पंधरा दिवसांची. म्हणून या वेळी करंज्यांच्या आधी डिंकाचे लाडू वळलेत. खारीक जरा जास्त घातलीय. चोवीसला संध्याकाळी सात वाजता डबा घेऊन मी निघणार आहे. बाजरीचं पीठ आणि वांगी आम्ही नेणार, भाकरी तिथं सगळ्या मिळून थापू, आणि सगळे तिथंच जेवू. यायचं असेल त्यांनी आपापलं ताट-वाटी घ्या, ढोलकी असेल तर घ्या, मोबाईल खिशात राहू द्या. रानात थंडी मरणाची असते, शाल विसरू नका.