777 आणि फॉरमॅटबद्दल, भाऊ

भाऊ, तुमची कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की लिनक्समधे लॉगिन अडकण्यावरची माझी पोस्ट विनाकारण लांबवलीये, लॉगिन फिरून फिरून परत येत असेल तर होम फोल्डरला (युजरच्या स्वतःच्या फाइलींचा फोल्डर) सरळ 777 द्यायचं, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी, नाही जमलं तर फॉरमॅट मारायचा, अर्ध्या तासाचं काम. लांबीचं मान्य, कंट्रोल-ऑल्ट-एफ3 ने काळं टर्मिनल उघडायची ओळ पार खाली गेली होती, ती आता वरती घेतली. पण 777 आणि फॉरमॅट हे दोन्ही मला अजिबात पटत नाही, का ते सांगतो.

सावद्याला माझ्या आतेभावाची केळीची वखार आहे, तिथे मिंट 19 वर (उबुंटूवर बनलेलं एक लिनक्स) सगळी बिलं. ऐन मे महिन्यात, बाहेर दोन ट्रक भरायला उभे अन ह्याचा फोन, की पासवर्ड टाकला की स्क्रीन क्षणभर काळी होते आणि परत लॉगिनच समोर येतं. पासवर्ड चुकला असता तर तसा मेसेज आला असता, इथे काहीच नाही, म्हणजे पासवर्ड बरोबर होता, पुढचं सेशन उभं राहत नव्हतं. काळ्या टर्मिनलमधून लॉगिन करायला लावलं, ते झालं. डिस्क भरली तरी सेम असंच होतं म्हणून आधी ती पाहिली, जागा होती. मग एलएस डॅश एलए (फाइली आणि त्यांचे मालक दाखवणारी कमांड) मारायला लावलं आणि तो फोनवर एकेक ओळ वाचत गेला, सगळीकडे त्याचं नाव, आणि डॉट एक्सऑथोरिटीपुढे (डेस्कटॉप उघडायला लागणारी फाइल) रूट रूट, म्हणजे ती सिस्टिमच्या मुख्य खात्याच्या, रूटच्या, मालकीची. आदल्या दिवशी डेस्कटॉप अडकला म्हणून त्याने सुडो लावून, म्हणजे रूटच्या अधिकाराने, स्टार्टएक्स (डेस्कटॉप सुरू करायची कमांड) चालवलं होतं. उबुंटूमधे 19.10 च्या आधी सुडो लावला तरी होम तुमचंच राहायचं, मिंट 19 हे उबुंटू 18.04 वर बनलेलं, त्यामुळे रूटने स्वतःच्या नावाची फाइल ह्याच्या घरात करून ठेवली, आणि लॉगिनच्या वेळी ह्याला ती ना वाचता येते ना लिहिता. सुडो चोन (मालकी बदलायची कमांड), मग युजरनेम कोलन युजरनेम, मग फाइलचं नाव, एंटर. लगेच डेस्कटॉप आला.

आता इथे पूर्ण होमला 777 दिलं असतं तरी बहुतेक लॉगिन झालं असतं, हे मी नाकारत नाही. पण त्याच मशीनवर वखारीतल्या पोराचं वेगळं लॉगिन आहे, त्याला मालकाची सगळी बिलं खोडता आली असती. एसएसएच (दुसऱ्या मशीनवर दुरून लॉगिन करायचं साधन) वापरत असाल तर ते असली उघडी प्रायव्हेट की घेतच नाही, परमिशन फार मोकळ्या आहेत म्हणून सरळ नकार देतं. आणि कुणी घाईत होमच्या जागी नुसता स्लॅश, म्हणजे अख्खी सिस्टिम, टाकला तर सुडोचा सेटयूआयडी बिट (ज्यामुळे तो रूटच्या अधिकाराने चालतो) जातो, मग दुरुस्तीसाठीसुद्धा सुडो चालत नाही!

फॉरमॅटचं तर अजून एक आहे. होमचं पार्टिशन वेगळं ठेवून नवीन सिस्टिम टाकली की ती रूटची फाइल जशीच्या तशी तिथेच, लॉगिन पुन्हा अडकणार. शिवाय मालकी नावावर नसते, नंबरवर असते, पहिल्या युजरला 1000, दुसऱ्याला 1001. नव्या सिस्टिममधे युजर उलट क्रमाने केले की याच्या फाइली त्याच्या अन त्याच्या याच्या. हे मी स्वतःच्या घरी केलंय आणि अख्खा रविवार गेलाय, म्हणून इतक्या कळकळीने सांगतोय.

एक गोष्ट पोस्टमधे राहिली होती, ती तुमच्यामुळे आठवली. जीडीएम (लॉगिन स्क्रीन दाखवणारा एक प्रोग्राम) असेल तर ती फाइल होममधे नसतेच, रन फोल्डरमधे असते, तेव्हा एक्सऑथोरिटीच्या मागे लागू नका, डॉट कॅश आणि डॉट कॉन्फिगमधे काय रूटच्या नावावर गेलंय ते बघा. उबुंटूमधे 19.10 च्या आधी सुडो लावून एडिटर उघडला की हे हमखास व्हायचं.

तुमचं मशीन अजून अडकलेलं असेल तर 777 द्यायच्या आधी एलएसचं जे येईल त्याचा फोटो टाका इथे, रात्री दुकान बंद केल्यावर बघतो.