चीनसारखं पाहिजे? मग हे घ्या!

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची सभा होती. विषय दोनच, पार्किंग आणि कबुतरं. चहा आला तरी काही ठरेना, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक उठले आणि म्हणाले, "आपल्याकडे चीनसारखं पाहिजे. वरून हुकूम सुटला की दुसऱ्या दिवशी देश सरळ!" टाळ्या पडल्या. माझ्या बायकोनेही वाजवल्या.

तर टाळ्या वाजवणाऱ्यांसाठी काही सूचना. तिकडे वापरून झालेल्या आहेत, बिनधास्त घ्या.

कबुतरांपासूनच सुरुवात करू. १९५८ साली माओंनी उंदीर, माश्या, डास आणि चिमण्या असे चार शत्रू ठरवले. चिमणी दाणे खाते, म्हणून गुन्हेगार. मग पातेली, थाळ्या, ढोल घेऊन माणसं गच्च्यांवर चढली. (थाळ्या बडवायचा सराव आपल्यालाही आहे म्हणा.) चिमणीला कुठे टेकूच द्यायचं नाही, उडून उडून दमली की आपोआप पडते. कृती सोपी. फक्त चिमणी दाण्यांबरोबर किडेही खाते, हे कुणीतरी ठणकावून सांगायला हवं होतं. पण सांगणार कोण? 'मोकळेपणाने टीका करा' असं आवतण देऊन, जे बोलले त्यांच्यावर 'उजवे' म्हणून शिक्के मारायला आदल्याच वर्षी सुरुवात झाली होती. पाच लाखांवर माणसांवर तो शिक्का बसला. आता चिमणीसाठी तोंड कोण उघडतोय? १९६० मध्ये यादीतून चिमणी गेली आणि ढेकूण आला. तोवर शेतात कीड होती आणि घरात उपासमार. दोष एकट्या चिमणीचा नव्हताच. साहेब खूश व्हावा म्हणून गावोगाव पीक फुगवून लिहिलं, त्या फुगवलेल्या आकड्यावर सरकारने धान्य उचललं. कोठारात पोती आणि बांधावर प्रेतं! हात राखून मोजणारेही दीड कोटी मेले म्हणतात. दीड कोटी! आणि हा म्हणे सरळ झालेला देश.

पुढची सूचना: देशाचं पोलाद वाढवायला घरातल्या कढया-तवे परसातल्या भट्टीत वितळवा. पोलाद होणार नाही, पण स्वयंपाकही होणार नाही.

पस्तीस वर्षं एकच मूल सक्तीचं ठेवा, मग तिसरं होऊ द्या म्हणून लोकांच्या हातापाया पडा.

लाल हा क्रांतीचा रंग, तेव्हा लाल सिग्नलला गाड्या सुटल्या पाहिजेत, अशी रेड गार्डची, म्हणजे माओभक्त विद्यार्थ्यांच्या टोळ्यांची, मागणी होती. पंतप्रधान चाऊ एन-लाय यांनी ती हाणून पाडली. पुण्यात ही सुधारणा हुकमाशिवायच झालेली आहे.

१९५० चा विवाह कायदा मात्र खरंच चांगला होता. बालविवाह बंद, रखेली ठेवणं बंद, बाईलाही घटस्फोटाचा हक्क. त्याचं नाव सभेत कुणी काढलं नाही. आपल्याला चीनकडून हवं असतं ते फक्त दांडकं.

आता शाळा. सर, हे खास तुमच्यासाठी. १९६६ च्या उन्हाळ्यात माओंनी पोरांना मोकळं सोडलं. जुने विचार, जुनी संस्कृती, जुन्या चालीरीती, जुन्या सवयी, सगळं मोडा. पोरांना जुनं म्हणून पहिलं कोण दिसलं? मास्तर. ५ ऑगस्टला बीजिंगच्या एका नामांकित मुलींच्या शाळेत बियान झोंगयुन या उपमुख्याध्यापिकेला तिच्याच विद्यार्थिनींनी खिळे ठोकलेल्या काठ्यांनी मारून टाकलं. पन्नास वर्षांची बाई, चार लेकरांची आई. नवऱ्याने कॅमेरा विकत आणला आणि प्रेताचे फोटो काढून ठेवले, कारण तक्रार करायला जागाच नव्हती. तेरा दिवसांनी त्याच शाळेच्या एका मुलीने तिआनमेन या बीजिंगच्या जुन्या वेशीवर माओंच्या दंडाला रेड गार्डची लाल पट्टी बांधली. खाली लाखो लोक जल्लोष करत होते.

सर, तुम्ही तीस वर्षं फळ्यापुढे उभे राहिलात. पोरांना उठाबशा काढायला लावल्यात. 'वरून हुकूम' सुटल्यावर पहिला नंबर तुमचा लागला असता. आणि आम्ही? आम्ही खालून टाळ्या वाजवल्या असत्या, रविवारी वाजवल्या तशाच. लाज वाटते मला त्या टाळ्यांची. कबुतरांना जाळी लागते सर, माओ लागत नाही. जाळीची वर्गणी तुमची एकट्याची राहिली आहे. ती आधी द्या.