जास्त ‘एक्स’ म्हणजे चांगली लेन्स, हे खरं नाही

नवा डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घेणाऱ्याला सर्रास सल्ला मिळतो: ‘18-55 नको, नुसती बॉडी घे आणि 70-300 लाव, तिचे एक्स जास्त.’ हा सल्ला चुकीचा आहे. लेन्सवरचे हे आकडे फोकल लेंग्थचे, मिलिमीटरमध्ये: आकडा लहान तितकं दृश्य रुंद, मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं. त्यातल्या मोठ्या आकड्याला लहान आकड्याने भागलं की जे येतं ते एक्स. 18-55चे साधारण 3, 70-300चे साधारण 4. फोटो किती स्वच्छ येईल, हे त्यावरून मुळीच कळत नाही. 10-20 तर जेमतेम 2 एक्स, पण वाड्याचा अख्खा चौक तीच एका फ्रेममध्ये घेते.

निकॉन डी3500 सारख्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर 70 मिमी म्हणजे फुल फ्रेमवरचे (जुन्या फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरवरचे) 105, म्हणजे दृश्य आणखी अरुंद. घरातल्या बारशाला भिंतीला पाठ टेकवून उभे राहिलात तरी पाळण्याभोवतीची सगळी मंडळी मावणार नाहीत. म्हणून पहिली लेन्स 18-55च घ्या. पक्ष्यांचा नाद लागला की 70-300 बघा.

तेव्हाही जपून. या कॅमेऱ्यात फोकसची मोटर नसते; जुनी, स्वस्त, स्वतःची मोटर नसलेली ‘एएफ’ (ऑटोफोकस) लेन्स लावली तर फोकस हातानेच करावा लागतो. लेन्सवर ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ (म्हणजे मोटर लेन्समध्येच) लिहिलंय का, ते वाचूनच पैसे द्या.