मोफत शिवभोजन थाळीवरील आक्षेपाला उत्तर

आपला आक्षेप गंभीर आहे, म्हणून सविस्तर लिहितो. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत निर्बंध लागू झाले, तेव्हा राज्य सरकारने गरजूंना स्वस्तात जेवण देणारी शिवभोजन थाळी मोफत केली आणि मी त्या निर्णयाचे समर्थन केले. आपले म्हणणे असे की, रेशनवर धान्य मिळत असताना शिजवलेले अन्न फुकट वाटल्याने लोकांना आयते खाण्याची सवय लागते, शिवाय रांगेत दुचाकीवरून आलेले लोकही होते.

रेशन हवेच, त्याबद्दल दुमत नाही. परंतु ते धान्य शिजवायला चूल लागते, आणि रोजंदारी बंद पडलेल्या घरात पहिल्यांदा सिलिंडर भरायचा राहतो. एका खोलीत पाच-सहा जण राहून खानावळीत जेवणारे बांधकाम मजूर, शिधापत्रिका गावी ठेवून शहरात आलेली कुटुंबे, रुग्णालयाबाहेर पदपथावर दिवस काढणारे रुग्णांचे नातेवाईक, यांच्या हातात गहू देऊन त्यांची भूक भागत नाही.

सवयीचे म्हणाल, तर थाळीत दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण असे, आणि तेही फक्त दुपारी. अंगमेहनत करणाऱ्याचे एका वेळचे पोटही त्यात जेमतेम भरते. एवढ्यासाठी हातचे काम कोण सोडेल? २६ जानेवारी २०२० रोजी ही योजना दहा रुपयांत सुरू झाली, पहिल्या टाळेबंदीत दर पाच रुपये झाला, दुसऱ्या लाटेत थाळी मोफत झाली आणि संकट ओसरल्यावर पुन्हा दहा रुपये आकारले जाऊ लागले. सवलत संकटापुरतीच होती.

दुचाकीचा मुद्दा मला सर्वांत खटकला. आमच्या भागातील केंद्रावर एक गृहस्थ गाडी पलीकडच्या गल्लीत लावून, मास्क डोळ्यांपर्यंत ओढून, दोन मुलांना सोबत घेऊन रांगेत उभे राहत, कारण माणशी एकच पार्सल मिळे. गाडीचा हप्ता चुकला नसेलच असे नाही, आणि ती विकली असती तर निर्बंध उठल्यावर कामावर जायचे कसे? भर एप्रिलच्या उन्हात ओळखीच्या लोकांदेखत तासभर उभे राहणाऱ्याची गरज तपासायला मला तरी आणखी दाखला नको.

गैरप्रकारांबद्दल आपण लिहिले आहे, ते मात्र रास्त आहे. थाळीचा खर्च शहरी भागात ५० रुपये आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरून सरकार केंद्रचालकाला पैसे देत असताना थाळ्यांचे आकडे फुगवले जात असतील, तर त्या केंद्रचालकावर कारवाई व्हायलाच हवी. त्याची शिक्षा रांगेतल्या माणसाला नको. माझी स्वतःची तक्रार वेगळी आहे: प्रत्येक केंद्राला थाळ्यांची मर्यादा ठरवून दिलेली होती, आणि ती संपली की रांग शिल्लक असतानाच खिडकी बंद होई. पुढच्या वेळी भांडायचे असेल, तर ती मर्यादा वाढवून घेण्यासाठी भांडू या.