‘वाइफ’ म्हणजे विणणारी? नाही

महिला दिन आला की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मजकूर न चुकता येतो. यंदा तो तिघींनी पाठवला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: इंग्रजी ‘वाइफ’ हा शब्द ‘वीव्ह’ म्हणजे विणणे या क्रियापदावरून आला, कारण पत्नी घर विणते. ‘वीव्ह’ मुळात संस्कृतातून इंग्रजीत गेला. निट, प्लॅट, ट्वाइन हे सगळे त्याचेच समानार्थी शब्द. आणि शेवटी खंत अशी, की इंग्रजीत इतके शब्द असताना मराठीत सगळ्याला एकच ‘विणणे’.

मी भाषांतरं करते, शब्दांवरच माझं पोट आहे. मजकूर पाठवणाऱ्या माझ्या मावश्या आणि आत्या आहेत, त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. पण त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकलंय, आणि ते तसंच पुढे जाताना बघवत नाही.

आधी ‘वाइफ’. जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘वीफ’ असा होता आणि त्याचा अर्थ होता बाई, मग तिचं लग्न झालेलं असो वा नसो. ‘मिडवाइफ’मध्ये तो अर्थ आजही शिल्लक आहे: बाळंतिणीच्या सोबत असणारी बाई, म्हणजे आपली सुईण. ‘वुमन’ हा शब्दसुद्धा ‘वीफमन’ असाच सुरू झाला. जर्मनमध्ये याचं भावंड ‘वाइब’. विणण्यासाठीचं जुनं इंग्रजी क्रियापद मात्र ‘वेफन’, आणि जर्मनमध्ये ‘वेबेन’. एकात दीर्घ ई, दुसऱ्यात ऱ्हस्व ए. या भाषांमध्ये स्वर बदलतात, पण ठरल्या नियमांनी बदलतात, आणि त्या नियमांत या ए-चा तो ई होत नाही. उरतं ते फक्त कानाला वाटणारं साम्य. ‘वीफ’चं मूळ नेमकं कुठलं यावर अभ्यासकांत एकमत नाही, पण ते ‘वीव्ह’ नाही.

हा समज व्हॉट्सअ‍ॅपपेक्षा कितीतरी जुना आहे. एकोणिसाव्या शतकात जॉन रस्किन या मोठ्या इंग्रज लेखकाने शाळकरी मुलींसाठी लिहिलेल्या संवादांत हेच सांगितलं होतं. तेव्हापासून तो फिरतोच आहे, कारण ऐकायला गोड वाटतो.

मला वाईट वाटतं ते याचं, की बाई आणि विणकाम यांचं खरं नातं सांगणारा शब्द इंग्रजीत आहे आणि तो कुणी पुढे पाठवत नाही. तो शब्द म्हणजे ‘वेब्स्टर’. जुन्या इंग्रजीत ‘स्टर’ हा प्रत्यय आधी बाईचं काम दाखवायला लागत असे. वेब्स्टर म्हणजे कापड विणणारी, स्पिन्स्टर म्हणजे सूत कातणारी. पुढे वेब्स्टर पुरुष विणकरालाही म्हणू लागले आणि मग त्याचं आडनाव झालं. 1828 साली नोआ वेब्स्टर यांनी अमेरिकन इंग्रजीचा मोठा शब्दकोश काढला. त्या कोशाच्या नावातच एक विणकरीण बसलेली आहे.

संस्कृतचं म्हणाल, तर नातं खरं, पण आई-मुलीचं नव्हे. वैदिक वाङ्मयात कोळ्याला ‘ऊर्णवाभि’ असा शब्द येतो, लोकर विणणारा या अर्थाने. त्यातलं ‘वाभ्’ आणि इंग्रजीतलं ‘वीव्ह’ एकाच प्राचीन धातूची लेकरं मानली जातात. दोघं भावंडं. एकाने दुसऱ्याकडून उसनं काही घेतलेलं नाही.

आता समानार्थी शब्द. इथे मात्र थोडं थांबायला हवं, कारण हा गोंधळ रोजच्या कामात नडतो. एकदा मी कपड्यांच्या एका यादीत ‘निटेड’साठी ‘विणलेले’ लिहून दिलं. वाचणाऱ्याला ते मागावरचं कापड वाटलं. होता तो बनियनचा कपडा, ज्याला आपल्याकडचा कोणताही दुकानदार सरळ ‘होजियरी’ म्हणतो. चूक माझीच होती, आणि त्यानंतर मी हे शब्द हातात घेऊन बघायला लागले.

वीव्हला धाग्यांचे दोन संच लागतात. ताणा मागावर ताणून बसवलेला, आणि बाणा धोट्यातून आडवा, एकाच्या वरून, एकाच्या खालून. निटला एकच धागा पुरतो. त्याचा फास दुसऱ्या फासातून ओढायचा, की झाला टाका. साडीचा तुकडा कापलात तर कडेला दशा निघतील, बाकी कापड जागेवर राहील. स्वेटरचं शेवटचं टोक सोडवून ओढलंत तर ओळीमागून ओळ उसवत जाते. लहान झालेले आमचे स्वेटर आजी असेच उसवायची. लोकर धुतली की तिच्यातले कुरळे वळसे बरेचसे जात. मग त्याच लोकरीचं धाकट्यासाठी दोन सुलट, दोन उलट सुरू. मागावरच्या कापडाचं असं करता येत नाही. प्लॅट म्हणजे तर ताणा-बाणा नाहीच, तेच पेड आळीपाळीने एकमेकांवरून जातात. ट्वाइन म्हणजे पीळ देणं. कोशात हे शब्द एका ओळीत छापलेले असतात म्हणून एकाच्या जागी दुसरा बसत नाही.

येवल्याला पैठणीच्या मागाशेजारी बसले होते तेव्हा आणखी एक फरक दिसला. पदरावरच्या मोराच्या प्रत्येक रंगाची स्वतंत्र छोटी कांडी असते. विणकर ती हाताने तेवढ्याच धाग्यांतून नेतो आणि जिथे दोन रंग भेटतात तिथे दोन्ही धागे एकमेकांत अडकवून परत फिरवतो. म्हणून मागच्या बाजूला धागे लोंबत नाहीत आणि मोर दोन्हीकडून सारखा दिसतो. वरून-खालून जाणं वेगळं आणि अडकवून फिरणं वेगळं. इंग्रजी यासाठी ‘इंटरलेस’ आणि ‘इंटरलॉक’ असे दोन शब्द ठेवते.

जाता जाता, गर्दीतून वाट काढत जाणाऱ्या रिक्षासाठीही इंग्रजीत वीव्ह वापरतात. दिसायला तोच शब्द, पण तो जुन्या नॉर्स या स्कॅन्डिनेव्हियातल्या भाषेतल्या हलण्या-डुलण्याच्या शब्दाशी जोडला जातो. म्हणून कापडासाठी भूतकाळ ‘वोव्ह’ आणि रिक्षासाठी सहसा ‘वीव्ह्ड’. मराठीत तिथे विणणे आणायचं कारणच नाही.

राहिला मराठीच्या गरिबीचा मुद्दा. त्यात अर्धं खरं आहे. कापड, स्वेटर, बाज, टोपली, मासेमारीचं जाळं, सगळं आपण विणतोच. पण केसांची वेणी कुणी विणत नाही, ती घालतात. फुलांची वेणी गुंफतात. सुई-दोऱ्याने हार ओवतात. सुंभ वळतात, समईची वातही वळतात. फाटलेलं रफू करतात. एखाद्याला कटात गोवतात, कथानक गुंफतात, कारस्थान रचतात, आणि इंग्रजी या शेवटच्या तिन्ही ठिकाणी ‘वीव्ह’ चालवून घेऊ शकते. वेणी घातल्यावर ती फुलं माळतात, त्या माळण्याला इंग्रजीत मला आजवर एकाच शब्दात उतरवता आलेलं नाही.

मावशीला फोनवर हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, मग पुढच्या वर्षी काय पाठवू? मी तिला वेब्स्टरचा परिच्छेद लिहून दिलाय.