तारेचे हप्ते फेडले, पेस्टची ट्यूब मात्र वाचली नाही

परवा लेकीच्या दातांच्या तारा निघाल्या. आरशात बघून ती हसली आणि लगेच ओठ मिटून घेतले. दात रंधा मारल्यासारखे एका ओळीत, पण जिथं जिथं ब्रॅकेट, म्हणजे तार धरणारी दाताला चिकटवलेली चकती होती, त्याच्या कडेकडेनं खडूसारखे पांढरे डाग. "पप्पा, हे घासून जातील ना?"

जात नाहीत. वरून काही लागलेलंच नसतं, आतलं कॅल्शियम निघून गेलेलं असतं. खड्डा पडायच्या आधीची, किडीची ही पहिली पायरी. तारेभोवती जंतूंचा चिकट थर साचतो, ते जंतू साखर खाऊन आम्ल सोडतात. दाताजवळचा पीएच (आम्लपणाचं माप; आकडा कमी तितकं आम्ल जास्त) 5.5 च्या खाली गेला की इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं टणक कवच, विरघळायला लागतं. लाळ ते भरून काढते, पण तिला उसंत मिळाली तर. महिनाभराच्या हयगयीतही डाग उमटू शकतात; आमच्याकडं तर दोन वर्षं तार होती.

आता दवाखान्याच्या नावानं बोटं मोडणं सोपं आहे. तिथं हप्त्यांचं जेवढं समजावलं तेवढं घासण्याचं नाही, हेही खरंय. पण मोठी चूक माझी. बायकोचं माहेर किनवटकडचं. तिकडच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराईड नावाचा क्षार जास्त, सासऱ्यांच्या दातांवर तपकिरी पट्टे. नांदेड-बीडच्या कित्येक गावांत हेच. त्यामुळं घरात फ्लोराईड म्हणजे विष! मी मुद्दाम फ्लोराईड नसलेली, कडुलिंबाचं चित्र असलेली पेस्ट आणायचो आणि वर चार जणांना शहाणपण शिकवायचो. ते पट्टे पडतात लहानपणी, हिरडीच्या आत दात घडत असताना पोटात गेलेल्या पाण्यानं. सोळा वर्षांच्या पोरीनं पेस्ट लावून थुंकली तर तसं काही होत नाही. उलट तेच फ्लोराईड इनॅमलला आम्लापुढं तग धरायला लावतं. ट्यूबवरचा पीपीएमचा (दहा लाख भागांत फ्लोराईड किती भाग, त्याचा) आकडा बघा, 1000 च्या आसपास पाहिजे.

दुसरं, लातूरचं होस्टेल. अकरावी-बारावी, नीटची तयारी, रात्री जागायचं म्हणून चार-पाच वेळा चहा-बिस्किट. साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली, हे दाताला जास्त बाधतं. ऊस खाऊ नको, ब्रॅकेट निघेल, हे सगळे बजावतात. बिस्किटानं ब्रॅकेट निघत नाही, म्हणून त्याबद्दल कुणी बोलत नाही.

आणि घासून झाल्यावर खळखळून चुळा भरायच्या नाहीत, नुसतं थुंकायचं. दाताला थोडी पेस्ट राहू द्यायची. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेल्या लातूरकरांना खरं तर हे सांगावं लागू नये! तारेखाली घालायचा बारीक ब्रश मेडिकलवर मिळतो. दवाखान्यात दर तीन-चार महिन्यांनी फ्लोराईडचा लेपही लावून देतात, पण तो आपण मागावा लागतो.

माझं स्पष्ट मत सांगतो: तार लावायच्या आधी दोन महिने लेकराचं घासणं बघा. घासताना हिरडीतून रक्त येत असेल तर तार लावायची थांबा. दात सहा महिने उशिरा सरळ झाले म्हणून कुणाचं लग्न मोडत नाही.

लेकीचे काही डाग हळूहळू फिके होतील म्हणतात. धाकट्याची तार दिवाळीनंतर ठरली होती, ती मी पुढं ढकललीय. सध्या रोज रात्री मी बाथरूमच्या दारात उभा राहून त्याचं घासणं बघतो आणि तो तोंडात फेस घेऊन माझ्याकडं रागानं.