‘सेट’ या शब्दाचा जाच

इंग्रजीतल्या ‘सेट’ या तीन अक्षरी शब्दाने शिकणाऱ्यांचा किती अंत पाहावा! सूर्य मावळतो तेव्हा तो ‘सेट’ होतो, ओले सिमेंट घट्ट होते तेही ‘सेट’ होते, मोडलेले हाड वैद्य ‘सेट’ करतात, गणितात तो संच असतो आणि टेनिसमध्ये डाव. त्याला ‘ऑफ’ जोडले की प्रवासाला निघणे आणि बॉम्बचा स्फोट घडवणे हे दोन्ही अर्थ एकाच जोडीत येऊन बसतात, हे तर मला अजिबात सहन होत नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत याच शब्दाची नोंद सर्वांत लांब होती आणि क्रियापद म्हणूनच त्याचे चारशेहून अधिक अर्थ दिले होते. तरीही आपल्या मुलांच्या हाती मात्र ‘सेट म्हणजे संच’ एवढीच ओळ घोकायला दिली जाते, आणि पुढच्याच उताऱ्यात ती ओळ निरुपयोगी ठरली की दोष मुलांच्या माथी मारला जातो, याची मला मनापासून चीड येते. बरे, या क्रियापदाचे भूतकाळी रूपही ‘सेट’च असल्यामुळे ‘दे सेट’ एवढेच लिहिलेले असेल, तर काम चालू काळातले की होऊन गेलेले, हेसुद्धा मागचीपुढची वाक्ये वाचल्याशिवाय कळत नाही.